टायर आधी, स्प्रिंग नंतर: ट्रॅक-डेसाठी हॅचबॅकची बैठक कशी जमवायची

ट्रॅक-डेला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण खरेदी उलट्या क्रमाने करतात. आधी गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, मग कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) आणि पैसे उरलेच तर टायर. जमिनीला लागतो फक्त टायर. त्याला किती भार, किती उष्णता आणि कोणता कोन हवा, हे ठरल्याशिवाय स्प्रिंग किती कडक घ्यायची हे ठरवताच येत नाही. चिकट टायर घालून कारखान्याच्या मऊ स्प्रिंगा ठेवल्या तर गाडी जास्त कलते आणि टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहून दोन सेशनमध्ये कुरतडला जातो. साध्या टायरवर दगडासारखी कडक स्प्रिंग घातली, तर टायर खडबडीत जागी उडतो आणि पकड येण्याआधीच सुटतो.

हा लेख पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकांना जोडणारी, पिळता येणारी तुळई) असलेल्या हॅचबॅकसाठी आहे. म्हणजे स्विफ्ट, पोलो, आय२० या घरातल्या गाड्या. ट्रॅक म्हणून डोळ्यांसमोर दोन जागा धरल्या आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं ३.७ किमीचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट आणि ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किमीचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. दोन्ही घड्याळाच्या दिशेने धावतात. त्यामुळे उजवी वळणं जास्त आणि पुढचा डावा टायर सगळ्यात आधी जातो. हे वाक्य डोक्यात ठेवा, पुढे तीनदा लागेल.

जवळ काय हवं

- भरवशाचा प्रेशर गेज, अर्ध्या पीएसआयपर्यंत वाचता येणारा. पेट्रोल पंपावरच्या गेजवर विसंबू नका. दोन पंपांत तीन पीएसआयचा फरक सहज निघतो.
- १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप
- टोचून मोजणारा टायर पायरोमीटर
- टॉर्क रेंच आणि चाकाच्या नटाचा सॉकेट
- ट्रेडची खोली मोजायची पट्टी
- चार बारीक केबल टाय, एक पांढरा खडू, वही आणि पेन

इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्त असतो, पण तो फक्त वरची कातडी मोजतो, आणि गाडी पिटमध्ये येईपर्यंत ती थंड झालेली असते. सुई दोन-तीन मिमी रबरात गेली की खरा आकडा कळतो.

१. आधी गाडी ठणठणीत आहे का ते बघा

लोअर आर्मचे बुश फाटलेले असतील, बॉल जॉइंटला खेळ असेल किंवा शॉकअपमधून तेल पाझरत असेल, तर पुढचं काहीही करू नका. ब्रेक मारल्यावर मऊ बुश सरकतो आणि टो (वरून बघता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बदलतो, मग अलाइनमेंटच्या कागदावरचे आकडे फक्त कागदावरच राहतात. चाक जॅकवर उचला, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघा.

ब्रेक ऑइल बदलून घ्या. डॉट ४ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण ऑइल पाणी शोषतं आणि ओल्या अवस्थेत हमी फक्त १५५ अंशांची. चिकट टायर म्हणजे उशिरा आणि जोरात ब्रेकिंग, म्हणजे जास्त उष्णता. बुद्धच्या मागच्या सरळ पट्टीची लांबी एक किलोमीटरहून जास्त आहे. तिच्या टोकाला पेडल जमिनीला टेकणं परवडणारं नाही.

२. टायर निवडा

टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा, म्हणजे रबर किती टिकतो त्याचा, आकडा असतो. आकडा जितका लहान, तितका रबर साधारणपणे मऊ. तो कंपनीच आपल्या टायरला देते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात फार अर्थ नाही. तरी ढोबळ गट पडतात.

३०० च्या आसपास: चांगले रस्त्याचे स्पोर्ट टायर. पावसात चालतात, पुणे ते चेन्नई हे सुमारे १,२०० किमी अंतर आरामात कापतात. पहिल्या दोन-तीन ट्रॅक-डेला हेच घ्या. सुटण्याआधी ते किंचाळून सांगतात, आणि नवख्याला ते सांगणं लागतं.

२०० च्या आसपास: योकोहामा ॲडव्हान निओव्हाच्या जातीचे. बाजूची भिंत कडक, रबर चिकट, आणि कॅम्बर (समोरून बघता चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल; उणे म्हणजे वरची कड आत) मागणारे. पावसात जपून.

१०० च्या आसपास: टोयो आर८८८आर सारखे सेमी-स्लिक. थंड असताना पकड कमी, आणि साचलेल्या पाण्यावर ते तरंगतात. हे गाडीला लावून हायवेने जाऊ नका. मागची सीट पाडली की हॅचबॅकमध्ये चार चाकं मावतात, वेगळ्या रिमवर बसवून घेऊन जा.

जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर परवान्याची अट आल्याने लहान मापातले चिकट टायर मिळणं अवघड झालं आहे. त्यातून एक सापळा तयार होतो: कुणाच्या तरी गोदामात पडून राहिलेला जुना साठा. बाजूच्या भिंतीवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षांपूर्वीचा मऊ रबर लाकूड झालेला असतो, मग ट्रेड कितीही नवा दिसो. आयएसआय खूणही तपासा.

माप: १९५/५५ आर१६ ला साडेपाच ते सात इंच रुंदीचा रिम चालतो. २०५/५० आर१६ घेतला तर व्यास सुमारे साडेनऊ मिमीने कमी होतो, म्हणजे दीड टक्का. तो चालून जातो. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबणं मात्र टाळा. भिंती फुगतात आणि वळणात टायर रिमवर लोळतो. २०५ ला सहाऐवजी साडेसहा किंवा सात इंचाचा रिम द्या.

नवा टायर घातला की पहिलं सेशन पंधरा-वीस मिनिटं सत्तर टक्के जोरानेच चालवा, मग शक्य असेल तर टायर एक दिवस तसाच थंड राहू द्या. पूर्ण आठ मिमी ट्रेडचे ठोकळे उंच असल्याने डुलतात, तापतात आणि कडेचे तुकडे उडतात. चार-पाच मिमी उरलेला टायर ट्रॅकवर जास्त चांगला वागतो. मात्र तोच टायर पावसात परत यायला कमी पडतो.

३. कॅम्बर: पैसे सगळ्यात आधी इथे घाला

मॅकफर्सन स्ट्रटची मूळ अडचण अशी की गाडी जितकी कलते, त्या प्रमाणात चाक स्वतःला सरळ करून घेत नाही. कारखान्याच्या स्प्रिंगवर साधी हॅचबॅक १ जी ला (वळणात गुरुत्वाकर्षणाइतका बाजूचा जोर आला की) ढोबळमानाने चार-पाच अंश कलते. पुढे स्थिर कॅम्बर उणे अर्धा अंश असेल, तर ऐन वळणात बाहेरचा टायर बाहेरच्या अंगावर झुकलेला असतो. चिकट टायर घातला की गाडी जास्त जी घेते, म्हणून आणखी कलते, म्हणून टायर आणखी झुकतो. टायर बदलून फायदा झाला नाही असं म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुधा हेच असतं.

सुरुवातीचे आकडे, पुढच्या चाकांसाठी:
३०० गटाचा टायर: उणे १.५ ते उणे २ अंश
२०० गटाचा: उणे २.५ ते उणे ३
१०० गटाचा: उणे ३ किंवा थोडा जास्त

हा कॅम्बर मिळवायचा कसा, ते गाडीवर अवलंबून आहे. स्विफ्ट आणि आय२० मध्ये स्ट्रट नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टनी जोडलेला असतो. तिथे विकेंद्री कॅम्बर बोल्ट घालून दीड अंशापर्यंत मिळतो, आणि खर्चही कमी. पोलोमध्ये स्ट्रट नकलच्या पकडीत वरून घुसतो, तिथे हे बोल्ट बसतच नाहीत. वर सरकणारी टॉप माउंट प्लेट लागते. पोलोसाठी कुणी कॅम्बर बोल्ट विकत असेल तर दुकान बदला. कॅम्बर बोल्ट मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, म्हणून दिलेल्या टॉर्कलाच आवळा आणि नकल व स्ट्रटवर खडूने आडवी रेघ मारा. पहिल्या सेशननंतर रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सरकला आहे.

बोल्टने कॅम्बर वाढवल्यावर चाकाची वरची कड आत जाते आणि स्प्रिंगच्या थाळीजवळ येते. चाक हाताने फिरवून निदान चार-पाच मिमी मोकळी जागा आहे ना ते बघा. मागे ट्विस्ट बीमचा कॅम्बर कारखान्यातून ठरलेला असतो. बदलायचाच तर हब आणि बीमच्या मध्ये शिम घालतात. सुरुवातीला मागचं राहू द्या.

४. स्प्रिंग आणि डॅम्पर (शॉकअप)

इथे अंदाजाने खरेदी होते. «आठ किलोची स्प्रिंग» (१ मिमी दाबायला आठ किलो भार लागणारी) वगैरे ऐकून घेऊ नका, हिशेब पाच मिनिटांचा आहे.

गाडी स्प्रिंगवर दर सेकंदाला किती वेळा डोलते, तो आकडा धरायचा. कारखान्याची हॅचबॅक सव्वा ते दीड हर्ट्झच्या आसपास असते. ३०० गटाच्या टायरला १.६ ते १.८ पुरतो. २०० गटाला १.८ ते २.२. त्यापुढे सेमी-स्लिक आणि गुळगुळीत ट्रॅक हवा, आणि गाडी रोज ऑफिसला न्यायची नसावी.

समजा पुढच्या एका चाकावर ३४० किलो भार आहे. चाक, टायर, ब्रेक, नकल मिळून ४० किलो वजा करा. स्प्रिंगवरचे राहिले ३०० किलो. २ हर्ट्झ हवे असतील तर २ ला ६.२८ ने गुणा: १२.५६. त्याचा वर्ग १५८. गुणिले ३०० म्हणजे ४७,४०० न्यूटन प्रति मीटर, म्हणजे ४७.४ न्यूटन प्रति मिमी. ही चाकाशी हवी असलेली कडकता. स्ट्रट थोडा तिरका असल्याने चाक १ मिमी हललं तर स्प्रिंग साधारण ०.९५ मिमी दबते. त्या ०.९५ च्या वर्गाने, म्हणजे ०.९ ने, भागा: ५२.५ न्यूटन प्रति मिमी. बाजाराच्या भाषेत सुमारे ५.४ किलोची स्प्रिंग. याच गाडीला १.४ हर्ट्झसाठी २.६ किलो पुरतात. आठ किलोची स्प्रिंग तिला जवळपास अडीच हर्ट्झवर नेते. आपल्याकडे ट्रॅकला जायचा रस्ताही त्याच स्प्रिंगवर कापायचा असतो, हे विसरू नका.

मागे पुढच्यापेक्षा दहा टक्के जास्त वारंवारता ठेवा. ट्विस्ट बीमवर स्प्रिंग चाकाच्या पुढे बसते, त्यामुळे वरचं ०.९५ तिथे लागू नाही. बीमच्या बुशपासून स्प्रिंगचं अंतर आणि बुशपासून चाकाच्या मध्याचं अंतर मोजून भागाकार घ्या.

किती खाली बसवायची? २० ते २५ मिमी, बस. त्याहून खाली गेलं की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) झपाट्याने खाली उतरतं आणि गाडी दिसायला बसकी पण कलायला मोकळी होते. शिवाय कॅम्बर मिळायचा तेवढाही मिळत नाही. चाकाच्या कमानीतली फट बंद करण्यासाठी ट्रॅकवर कुणी गुण देत नाही.

दुसरा सापळा बंप स्टॉपचा. कारखान्याच्या शॉकअपवर छोट्या स्प्रिंगा घातल्या की दांड्याचा प्रवास कमी उरतो, आणि वळणाच्या मध्यावर गाडी रबराच्या ठोकळ्यावर बसते. त्या क्षणी स्प्रिंगची कडकता एकदम कित्येक पट होते, पुढचं चाक पकड सोडतं आणि चालकाला वाटतं टायर वाईट. शॉकअपच्या दांड्यावर केबल टाय घट्ट बांधून तळाशी सरकवा. सेशननंतर तो कुठवर ढकलला गेला ते बघा. बंप स्टॉपला चिकटलेला असेल तर उंची वाढवा किंवा स्प्रिंग कडक करा.

डॅम्परवर एकच बटण असेल तर ते बहुतेक वेळा रिबाउंड (शॉकअप लांबताना होणारा विरोध) जास्त आणि बंप (दबताना होणारा विरोध) थोडा बदलतं. बटण पूर्ण कडक बाजूला फिरवा, तिथून क्लिक मोजत मऊकडे या, मधोमध थांबा आणि आकडा लिहा. रिबाउंड फार कडक केला तर ओळीने आलेल्या खड्ड्यांवर चाक खाली यायला वेळ लागतो आणि गाडी हळूहळू खाली खेचली जाते.

कॉइलओव्हरवर स्प्रिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) वाढवून ती कडक होते, हा गैरसमज गॅरेजमध्येही सर्रास आढळतो. सरळ स्प्रिंगची कडकता तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या ठरवते. प्रीलोडने फक्त गाडीची उंची आणि प्रवासाची वाटणी बदलते.

५. अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कल रोखणारी दांडी)

पुढे जाड बार घातला तर कल कमी होतो, पण बाहेरच्या पुढच्या टायरवरचा भार वाढतो. टायरला दुप्पट भार दिला म्हणून दुप्पट पकड मिळत नाही, कमीच मिळते. पुढून ओढणाऱ्या गाडीत तो टायर आधीच वळणं, ओढणं, थांबवणं ही तिन्ही कामं करतो. म्हणून बार घ्यायचाच तर मागचा घ्या. आतलं मागचं चाक वळणात जमिनीवरून उचललं गेलं तर घाबरू नका, ते तिथे फारसं काही करत नव्हतंच.

६. अलाइनमेंट

टाकीत अर्धं पेट्रोल, टायरमध्ये ट्रॅकवरची थंड हवा आणि चालकाच्या सीटवर चालकाच्या वजनाचा भार ठेवून करा. सिमेंटची ५० किलोची गोणी आणि २० लिटर पाण्याचा कॅन मिळून ७० किलो होतात.

क्रम असा: उंची, मग कॅम्बर, शेवटी टो. कॅम्बर बदलला की टो आपोआप बिघडतो, म्हणून तो शेवटी. पुढे एकूण शून्य ते २ मिमी बाहेर. १६ इंची रिमवर १ मिमी म्हणजे सुमारे साडेआठ मिनिटं. मशीन अंश आणि मिनिटांत दाखवतं: २ अंश ३० मिनिटं म्हणजे अडीच अंश, २.३ नव्हे. यात हमखास गोंधळ होतो.

स्क्रीनवर आकडा लाल दिसला की अलाइनमेंट करणारे भाऊ तो हिरवा करायला धावतात. हिरवा म्हणजे कारखान्याचा आकडा. तुम्हाला हवे असलेले आकडे कागदावर लिहून द्या, शेजारी उभे राहा आणि शेवटी प्रिंट घ्या.

७. हवा

आधी गरम हवेचं लक्ष्य ठरवा, थंड हवा त्यावरून मागे मोजून काढा. २०० गटाच्या टायरला सेशननंतर पुढे ३५ ते ३६ पीएसआय आणि मागे ३४ ते ३६ हे सुरुवातीचं लक्ष्य. पुढचे टायर सहा ते नऊ पीएसआय वाढतात, मागचे तीन ते पाच. म्हणजे सकाळी थंड असताना पुढे २८, मागे ३१. पुढच्या डाव्याला आणखी एक कमी, कारण तो सगळ्यात जास्त तापणार.

दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय फरक पडतो. चेन्नईत सकाळी सातला २६ अंश आणि दुपारी ३६ अंश असताना, काहीही न करता गाडी उन्हात उभी राहून दोन पीएसआय वाढते. दुपारच्या सेशनआधी सकाळच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. बाहेरच्या खांद्याला खडूचा पट्टा ओढा. सेशननंतर खडू जिथवर पुसला गेला तिथवर टायर लोळला. बाजूच्या भिंतीवरच्या त्रिकोणी खुणेच्या खाली गेला असेल तर हवा कमी आहे किंवा कॅम्बर.

नायट्रोजनने पकड वाढत नाही. पंपाच्या टाकीत पाणी साचलेलं असेल तर दमट हवेची वाफ जास्त फुगते, एवढाच त्यातला मुद्दा. कोरडी हवा पुरते.

८. तापमान वाचा

वेगाच्या लॅपवरून थेट पिटमध्ये या आणि दोन मिनिटांच्या आत प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी टोचा: बाहेर, मध्य, आत. पुढच्या डाव्यापासून सुरू करा. हे दिवसातून दोनदा केलं तरी पुरे. इतर वेळी ब्रेक थंड करायला संथ लॅप घ्याच आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका.

बाहेर ९८, मध्य ९०, आत ८२: कॅम्बर कमी पडतो आहे.
बाहेर ८४, मध्य ९५, आत ८८: हवा जास्त.
बाहेर ९३, मध्य ८५, आत ९५: हवा कमी.
बाहेर ८६, मध्य ८९, आत ९३: असंच राहू द्या.

आतली बाजू पाच ते दहा अंश जास्त तापलेली असणं योग्य आहे, कारण सरळ पट्टीवर गाडी आतल्या कडेवर धावते. चारही टायर ६५ च्या खाली असतील, तर तो टायर तुमच्या वेगाला जास्तच कडक आहे किंवा स्प्रिंग त्याला काम करू देत नाही.

९. गाडी काय सांगते आणि काय बदलायचं

एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रम: हवा, मग डॅम्पर, मग बार, मग कॅम्बर.

वळणात शिरतानाच नाक बाहेर जातं: आधी ब्रेक सोडण्याची घाई होते आहे का ते तपासा. नसेल तर पुढचा टो १ मिमी आणखी बाहेर.
मध्यावर नाक बाहेर जातं: पुढचा कॅम्बर, किंवा मागचा बार एक भोक कडक. केबल टाय पण बघा.
बाहेर पडताना आतलं पुढचं चाक फिरतं: पुढचा बार मऊ, मागचा रिबाउंड दोन क्लिक कडक.
ॲक्सिलरेटर सोडताच शेपूट सुटते: मागची हवा थंड असताना जास्त होती का बघा. मागचे टायर दोन लॅप उशिरा तापतात. पहिल्या दोन लॅपमधली बहुतेक गिरकी याच कारणाने येते.

नवखे लोक इथे एक चूक करतात: पहिल्याच सेशननंतर पाना हातात घेतात. लॅपच्या वेळा दोन-तीन सेकंदांनी खाली-वर होत असतील, तर बदल गाडीने केला की चालकाने, हे ओळखता येणार नाही.

१०. कागद आणि विमा

ड्रायव्हिंग लायसन्स, आरसी, आयोजकांचं जोखीम स्वीकारल्याचं पत्र, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. गाडीत पुढे-मागे गाडी ओढायचा टो हुक बसवलेला असावा. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं) लायसन्स वेगळं लागतं.

खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, त्यात आयोजित रेसिंग आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर भिंतीला घासली तर खर्च तुमचा, असं धरूनच चला.

११. परतताना

चाकांचे नट पहिल्या सेशननंतर गाडी थंड झाल्यावर पुन्हा टॉर्कला तपासलेले असावेत, निघताना आणखी एकदा. आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्या. टायर थंड झाले की हवा कारखान्याच्या आकड्यावर परत भरा. गरम असताना काढलेली हवा रात्री हायवेवर २५ पीएसआयवर येऊन बसते आणि भार भरलेल्या गाडीत टायरची भिंत तापत राहते. पुढच्या डाव्या टायरची आतली-बाहेरची कड हाताने चाचपून बघा. तार किंवा कापड दिसत असेल तर स्टेपनी लावा आणि हळू निघा. दिशा ठरलेला टायर असेल तर घरी आल्यावर पुढचे दोन्ही रिमवरून उतरवून आतली बाजू बाहेर येईल असे उलट बाजूंना बसवून घ्या. आत-बाहेर खूण असलेल्या टायरला हे चालत नाही, तिथे पुढचे मागे टाका.